दत्तूकाकांची मॅडम

माधव नगर, उज्जैन
४ ऑगस्ट २०२४

चि. निहारिका हिस अनेक आशीर्वाद.

लीड्सहून तू फोनवर आवाज भरून पाठवतेस, ते ऐकायला मला जमत नाही आणि आवडतही नाही. पत्र लिहीत जा.

मी आपली वंशावळ पुरी करते आहे. माझे थोरले काका दत्तात्रय इंजिनिअरिंग शिकायला तुझ्याच गावी गेले आणि तिथे गोऱ्या मॅडमशी लग्न करून बसले. आमच्या आजीने त्यांचं नाव टाकलं. मॅडम कोण, मुलंबाळं झाली का, हे तिथल्या जुन्या नोंदींत शोध.

दुसरं. काल तुझी आई नानाखेड्याहून मुद्दाम आली. तिला जयंतरावांशी लग्न करायचं आहे, पण माझ्या होकाराशिवाय करणार नाही म्हणाली. माझा भाऊ गेल्यापासून शैला एकटी आहे, हे मला दिसतं. पण आपल्या घराण्यात विधवेचं लग्न आजवर झालेलं नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. ती चहा न घेता गेली. तू तिची वकिली करू नकोस.

लोभ आहेच, तो आळसाने घालवू नकोस.
तुझी
अनसूया आत्या

लीड्स
२५ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास शि. सा. न.

वकिली करत नाही, फक्त नक्कल जोडते. १९३४च्या विवाहनोंदीत दत्तूआजोबा सापडले, पण मॅडम नाहीच! वधू सुनंदा, वय चोवीस. वडील गणपतराव, शाळामास्तर. कारकुनाने गोंधळ घातला असेल म्हणून बोटींच्या याद्या पाहिल्या. ही सुनंदा आदल्या वर्षी मुंबईहून एकटी निघाली होती, नर्सिंग शिकायला. उज्जैनला कोणी गणपतराव मास्तर होते का गं?

१९४८ला दोघं कॅनडाला गेले. सोबत मुलगी, वय नऊ. तिचं नाव अनसूया. तुझ्या आजीचं, जे तुलाही ठेवलंय.

विवाहनोंदीत सुनंदाच्या नावापुढे, वधू या लग्नाआधी कोण होती याचा रकाना आहे. तो मी सांगत नाही. चष्मा लावून तूच वाच.

आईशी बोलतेस ना? तुझी माया असू दे, रागावलीस तरी.
तुझी
निहारिका

माधव नगर, उज्जैन
१५ सप्टेंबर २०२४

चि. निहारिका हिस अनेक आशीर्वाद.

वाचलं. विधवा असं लिहिलं आहे. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

मग रिक्षा करून देवास गेटला, आजीच्या मोहल्ल्यात वाढलेल्या सुलूमावशींकडे गेले. त्या नव्वदीच्या पुढे आहेत. कान गेले, जीभ शाबूत. गणपतराव मास्तर आमच्या आजीच्या शेजारीच राहायचे म्हणाल्या. मी मॅडमचं विचारलं तर हसतच सुटल्या. म्हणाल्या, अरी बावळी, मॅडम कसली, ती मास्तरांची सुनंदा, पूरे मोहल्ले को मालूम था. विधवा सून केली हे सांगण्यापेक्षा तुझ्या आजीला मॅडम सांगणं सोपं पडलं. मॅडम म्हटलं की लोक नुसता फोटो मागतात.

म्हणजे मी इतकी शिकलेली, आणि आजीने लोकांना सांगितलेलं मीच जन्मभर खरं धरलं. त्याच आधारावर तुझ्या आईला परत पाठवलं.

वंशावळीत दत्तूकाकांशेजारी सुनंदाकाकूंचं नाव शाईने लिहिलं आहे. कॅनडाची अनसूया असेल तर पंच्याऐंशीची असेल. तिचा पत्ता काढ, हयगय करू नकोस.

६ ऑक्टोबरच्या रविवारी मी नानाखेड्याला जाणार आहे, तोवर हे पत्र तुला पोचेल. जयंतरावांना बोलावून ठेवायला आईला तूच कळव. मी कळवलं तर ती उगीच घाबरेल. चहा मी तिथेच घेईन.

तारीख ठरली की तिकीट काढ. पत्रिका मी छापून घेते. त्यात या वेळी सगळं खरं लिहायचं आहे.

माझा लोभ नोंदवून ठेव, पुढच्यांना शोधावा लागू नये.
तुझी
अनसूया आत्या