क्रुसापाशी उतरायचं

५ जानेवारी, रविवार

आज क्रुसापाशी सायकलवरून उतरताना सुनंदाताई आठवली. तशी रोजच आठवते. मी सहावीत, ती नववीत – ती पेडल मारायची, मी मागे कॅरिअरवर, मांडीवर दोघींची दप्तरं. वळणावरचा क्रूस आला की उतरायचं, चालत पुढे जायचं, मग पुन्हा बसायचं. कॉन्व्हेंटची शिस्त! आई म्हणायची, मग मारुतीनं काय पाप केलंय? तेव्हापासून त्याच्यापुढेही उतरू लागलो. शाळेला रोज उशीर.

ताई होती तोवर मला सायकल शिकायची गरजच पडली नाही. ती गेली, आणि एकसष्टाव्या वर्षी मी शिकले. सोसायटीच्या आवारात, दोन कुंड्या फोडून. आता तीन वर्षं दूध, भाजी, बँक, लायब्ररी सगळं सायकलवर. मिहिर ठाण्याहून फोनवर सांगतो, आई, रिक्षानं जा ना. पण रिक्षात बसलं की वाटेत कोणी 'कुठे निघालात?' विचारत नाही!

९ जानेवारी, गुरुवार

आमच्या गेटवर मासे विकणारी सगुणा आज गुडघे चोळत बसली होती. गोराईहून बोटीनं येते, जेट्टीपासून पाटी घेऊन चालत. मी म्हटलं, सायकल शिक. खूप हसली. या वयात?

तिचं वय बावन्न. मी माझं सांगितलं.

१० जानेवारी

पहिला धडा. तिनं काष्टा आवळला आणि थेट कचऱ्याच्या डब्यात.

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ द्यायला गेले तर म्हणाली, आधी सायकल काढ. मी सीट धरून धावले आणि अर्ध्यात सोडून दिलं. ती गेटपर्यंत गेली!

"सोडलंस कधी गं?"

"मघाशीच."

शिवी दिली मला. मग तिळगूळ खाल्ला.

१९ जानेवारी, रविवार

सगुणा आता पुतण्याची, प्रीतमची सायकल आणते. फार उंच पडते तिला, पण आणते. सकाळी दोघी फेरी मारतो. क्रुसाचा नियम तिलाही शिकवला. चूक झाली! ती सगळ्याच देवांना उतरते – गणपती, साईबाबा, रिक्षा स्टँडवरचा फोटोसुद्धा. म्हणते, एवढं उतरायचं तर चालत काय वाईट होती मी?

२२ जानेवारी, बुधवार

सगुणानं मागून हाक मारली. थांबले.

"आज क्रुसाला नाय उतरलीस, बाय?"

मी म्हटलं, क्रूस अजून पुढे आहे.

"मागं गेला तो."

वळून पाहिलं. होता. पांढरा, माणसाएवढा उंच, झेंडूच्या माळेसकट. येताना माझ्या डाव्या हाताला.

गप्पांच्या नादात राहिलं, म्हटलं. घरी येऊन उजवा डोळा झाकला आणि समोरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्याच्या डावीकडे खिडकी आहे. ती दिसेना.

२३ जानेवारी

आज लिहिण्यासारखं काही नाही.

२५ जानेवारी, शनिवार

काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. रोज थेंब घातले तर उरलेली टिकेल. वाचा, स्वयंपाक करा, फिरा, म्हणाले डॉक्टर. आणि सायकल? ते जरा वेळ कागदावर लिहीत राहिले.

"रस्त्यावर नको, आजी."

आजी! चिडायला तेवढं तरी मिळालं.

मिहिरला फक्त थेंबांचं सांगितलं.

२७ जानेवारी, सोमवार

कुलूप काढलं, लावलं, पुन्हा काढलं. आणि गेले. सारखी मान डावीकडे वळवत. कोपऱ्यावर तरीही एक शाळेतली मुलगी अचानक समोर आली. मी ब्रेक दाबला, चाक तिच्या दप्तराला लागून थांबलं. तीच मला सॉरी म्हणाली. चूक तिची नव्हती.

घरापर्यंत सायकल हातात धरून आले.

२८ जानेवारी

सगुणाला सगळं सांगून टाकलं. कोलंबी सोलत होती, मान वर केली नाही. विचारलं काय, तर माझ्या सायकलची सीट अजून खाली येते का! आणि कॅरिअर किती वजन घेतो. एवढ्यातच हिला सायकल हवी झाली? मी तडक वर आले. बोंबीलही घेतले नाहीत.

३० जानेवारी

गुडघे तिचेही आहेत. माझंच चुकलं.

२ फेब्रुवारी, रविवार

सायकल सगुणाला. कुलूप, दोन्ही किल्ल्या, पंप तिलाच. प्रीतमची त्याला परत.

हेल्मेट मिहिरच्या लेकीला, रोशनीला, लाल रंग तिला आवडतो. डोळ्यांचं खरं काय ते मिहिरला आज फोनवर सांगितलं. लायब्ररीची पिशवी माझ्याकडेच राहील.

कॅरिअरवर काल नवी उशी बांधली, ती कोणालाही द्यायची नाही. आज सकाळी मी तिच्यावर बसले होते. पुढे सगुणा, माझ्या मांडीवर तिची पाटी. घरी येऊन दोनदा अंघोळ केली!

क्रूस आला, असं तिनं सांगितलं. दोघी उतरलो.