चोवीसचं गटिंग

मुलुंड (पूर्व),
८ फेब्रुवारी २०२६

आदरणीय धम्मपाल मामांस,
सपनाचा सविनय जय भीम. वि. वि.

मामा, आधी चष्मा लावा आणि खुर्चीत नीट बसा. मला काम मिळालं! अंधेरीच्या एका जिमखान्यावर उद्यापासून बायकांची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा आहे. चौदा देशांच्या पोरी आल्यात, आणि त्यांच्या रॅकेटांचं गटिंग कोण करणार, तर तुमची सपना! तुमच्या हाताखाली बॅडमिंटनच्या रॅकेटांना तारा ओढून ओढून बोटं सोलली होती, त्याचं चीज झालं. स्पर्धेचे प्रमुख जयवंत सर म्हणून आहेत. ते म्हणाले, आठवडाभर बघू, एक जरी तक्रार आली तरी शहरातला माणूस बोलावू. मी म्हटलं, बघाच सर. आई म्हणते, तोंड जरा कमी चालव.

आता खरी बातमी. माझं पहिलंच गिऱ्हाईक फ्रेंच आहे! नाव एलोडी, वय एकोणीस. एकटीच आलीय, ना कोच, ना आईबाप, पाठीवर तिच्याएवढी बॅग. तिचं इंग्लिश आणि माझं इंग्लिश सारखंच लंगडं, त्यामुळे आमचं झकास जमलं. तिचे वडील कुठल्याशा डोंगराळ गावात शाळेची बस चालवतात. शाळा संपल्यावर त्यांनी तिला एक वर्ष दिलं. या फेब्रुवारीअखेर जगातल्या पहिल्या पाचशेत आलीस तर खेळ, नाहीतर फिजिओथेरपीच्या कॉलेजात नाव घाल. आज तिचा नंबर आहे पाचशे अडतीस. अंधेरीत सेमीफायनल गाठली तर पाचशेच्या आत, नाही गाठली तर खेळ खलास, कारण वर्षातली ही तिची शेवटची स्पर्धा. हे सगळं तिने माझ्या डब्यातला वरण-भात खाता खाता सांगितलं. मी उरलेला डबाही तिच्यापुढे सरकवला.

तिच्या पाच रॅकेट आहेत. दोन ती घरूनच गटिंग करून घेऊन आलीय, पहिले सामने त्यांनी खेळणार. बाकीच्या तीन माझ्याकडे दिल्या. चिठ्ठीवर ताण लिहिला होता, नुसता २४. मी तुमचं मशीन चोवीसला लावलं आणि तिन्ही काल संध्याकाळीच हातात ठेवल्या. टेनिसच्या मानाने जरा ढिलं वाटलं, पण हल्ली परदेशात काही जणी ढिल्या तारांनीच खेळतात, मी व्हिडिओत पाहिलंय. आणि पहिल्याच दिवशी काय विचारत बसायचं? म्हणेल, हिला काही येत नाही. तिने त्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून तशाच बॅगेत ठेवल्यात, शेवटच्या सामन्यांसाठी.

आईचा जय भीम. लोभ आहेच, पण या आठवड्यात तो दुप्पट असू द्या, मला लागणार आहे.

तुमची भाची,
सपना

*

मेहकर, जि. बुलढाणा,
१२ फेब्रुवारी २०२६

चि. सपनास अ. उ. आ. आणि जय भीम.

काम मिळाल्याचं वाचून एवढा आनंद झाला की शेजारच्या नंदूला पेढे आणायला पिटाळलं. पेढा तोंडात टाकला आणि तुझ्या पत्रातली ती रॅकेटांची हकिकत वाचली. पेढा कडू झाला, बाई.

चोवीस काय, सपना? चोवीस पाउंड की चोवीस किलो? आपलं मशीन एवढी वर्षं पाउंडांवर चालतं, कारण आपण बॅडमिंटनवाले. बॅडमिंटनला चोवीस पाउंड म्हणजे अगदी बरोबर. पण फ्रान्सची माणसं किलोत मोजतात! चोवीस किलो म्हणजे त्रेपन्न पाउंड. त्या पोरीला तू निम्म्याहून कमी ताणाच्या रॅकेट दिल्यास. त्या रॅकेटने जोरात मारलेला बॉल अंधेरीतून निघेल आणि विलेपार्ल्यात पडेल. टेनिसच्या मानाने ढिलं वाटलं, असं वर तूच लिहितेस! वाटलं तर विचारावं ना. विचारल्याने जीभ झिजते का? पण नाही, एका दिवसात उस्ताद व्हायचं. पी हळद आणि हो गोरी.

फोन करून झापलं असतं, पण कान गेल्यापासून मला पलीकडचं काही ऐकू येत नाही, आणि नंदूच्या तोंडून भाचीला शिव्या घालणं मला पटत नाही. म्हणून स्पीड पोस्ट. तुझं पत्र मला आज मिळालं. स्पर्धा सोमवारीच सुरू झाली, तेव्हा त्या पोरीने आतापर्यंत आरडाओरडा केलाच असेल.

केला नसेल तर मात्र हे नीट वाच. मुलुंडच्या क्लबाबाहेर एकतीस वर्षं बसलो, त्यात एक गोष्ट पाहिली. चूक तारेत आहे हे खेळाडूला कळलं नाही, तर तो आपल्या हाताला दोष देतो. हातावरचा भरवसा उडाला की मग कितीही चांगलं गटिंग करून द्या, तो परत येत नाही. म्हणून चूक तुझी होती, हे तिला तुझ्याच तोंडून कळलं पाहिजे, आणि ती पुढच्या सामन्याला उतरायच्या आधी. काम गेलं तर जाऊ दे, मी बघतो.

रागावलोय. तरी दुसरा पेढाही खाल्ला, कारण काम तुला मिळालं हे काही खोटं नाही.

लोभ तेवढाच आहे, फक्त आवाज चढलाय.

तुझा मामा,
धम्मपाल

*

मुलुंड (पूर्व),
१३ फेब्रुवारी २०२६

आदरणीय मामांस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं उत्तर अजून आलेलं नाही, पण मला थांबवत नाही. मामा, आज माझी पार वाट लागली होती आणि आता सगळा जिमखाना मला डोक्यावर घेऊन नाचतोय. कसं ते ऐका.

एलोडी पहिले दोन सामने धडाधड जिंकली. आज क्वार्टर फायनल, म्हणजे जिंकली तर सेमीफायनल आणि तिचं वर्ष वाचलं. घरून आणलेल्या दोन रॅकेटांपैकी एकीची तार तिसऱ्याच गेमला तुटली, दुसरीची चार-चार असताना. तिने माझी पहिली रॅकेट काढली. बॉल थेट मागच्या ताडपत्रीवर! दुसरी काढली, तेच. तिसरी काढली, तेच. पहिला सेट गेला. बॉल उचलणारी एक मुलगी माझ्या टेबलाकडे पळत आली, हातात रॅकेट, आणि निरोप दिला की तार सैल पडलीय, ताबडतोब पुन्हा करा, चोवीस किलो.

किलो! मामा, मी पाउंडांवर केलं होतं.

खेळ कोणासाठी थांबत नाही, हा नियम. मी कात्रीने तारा कापल्या आणि सुरू झाले. एरवी मला अर्धा तास लागतो. तोवर ती त्या ढिल्या रॅकेटने काय करणार? मामा, तिने जोरात मारणंच सोडून दिलं! नुसते उंच उंच बॉल, नाहीतर जाळीजवळ टपकन टाकायचे, आणि उरलेला वेळ धावायचं. एकेक पॉइंट संपता संपेना. लोक हसत होते, ती धावत होती, मी गाठी मारत होते. सोळा मिनिटांत रॅकेट तिच्या हातात! तोवर दुसऱ्या सेटमध्ये एक-तीन मागे होती. त्यानंतर काय खेळली म्हणून सांगू! सहा-चार, सहा-तीन! मी टेबलावर उभी राहून बोंबलले. कोर्टाच्या कडेला बसून तिने वडिलांना फोन लावला. फ्रेंच मला ओ की ठो कळत नाही, पण ती एकाच वेळी हसत आणि रडत होती.

मग आली आणि मला घट्ट मिठी मारली. म्हणाली, पहिल्या सेटला मला वाटलं माझा हातच गेला, बाबांचंच खरं होतं. उन्हाने तारा सैल पडल्या असं ती समजतेय. सगळ्यांना सांगत सुटलीय की या मुलीने सोळा मिनिटांत माझं वर्ष वाचवलं. जयवंत सरांनी माइकवरून माझं नाव पुकारलं, फोटो काढला, म्हणाले पुढच्या वर्षीही तूच. मी हसले, मामा. मग तिच्या बाकीच्या चार रॅकेट गुपचूप चोवीस किलोला करून दिल्या.

उद्या दोन वाजता तिची सेमीफायनल. आता सांगितलं तर काम जाईल, आणि ती मिठीही. नाही सांगितलं तर कोणाला कधीच कळणार नाही. पण आईलाही मी अजून हे कौतुक सांगितलेलं नाही. तुम्ही इथे असतात तर बरं झालं असतं.

या पत्रात लोभ मागायची हिंमत होत नाही, तरी मागते.

सपना

*

मुलुंड (पूर्व),
१६ फेब्रुवारी २०२६

आदरणीय मामांस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुमच्या शिव्या शनिवारी सकाळी दहाला पोचल्या. जिन्यातच उभं राहून वाचल्या, आणि चप्पल घालून तशीच निघाले. घाटकोपरच्या मेट्रोत उभ्या उभ्या इंग्लिश वाक्यं जुळवली. सगळी वाया गेली, कारण तिच्यासमोर मी फक्त चिठ्ठी धरली आणि म्हटलं, माझी चूक, मी पाउंड केले, मला शंका आली होती तरी विचारलं नाही.

तिने बॅग जमिनीवर आपटली. म्हणाली, काल अर्धा तास मी मनातल्या मनात बाबांना सांगत होते की मी हरले, मला काही येत नाही. आणि नंतर तू मला मिठी मारू दिलीस. एवढंच बोलली, मामा. त्यापेक्षा कानफटात मारली असती तर बरं झालं असतं.

जयवंत सरांनाही मीच सांगितलं. माइकवर कौतुक केल्यामुळे त्यांना मला हाकलता येईना, म्हणून त्यांनी माझ्या शेजारी दुसरं टेबल मांडलं आणि शहरातून सुबोध नावाचा टेनिसमध्ये मुरलेला माणूस बोलावला. एलोडीने पाचही रॅकेट आधी त्याच्याकडून तपासून घेतल्या. तो म्हणाला, चोख आहेत. त्यानंतर सगळ्या पोरी त्याच्याच टेबलाला. मी दीड दिवस रिकामी बसून लोकांना पाणी कुठे मिळेल ते सांगत होते. मीच ओढवून घेतलं होतं, कोणाला बोलणार?

सेमीफायनल ती सहा-दोन, सहा-दोन जिंकली! समोरचीला उभं राहू दिलं नाही. रागाने खेळत होती, आणि तो राग माझ्यावरचा होता हे मला माहीत होतं, तरी प्रत्येक पॉइंटला माझ्या अंगावर काटा येत होता. फायनल मात्र तीन सेटांत हरली, थोडक्यात. पण नंबर आता चारशे सत्त्याऐंशी होणार, आणि वडिलांनी आणखी एक वर्ष दिलंय! हे मला तिने नाही, बॉल उचलणाऱ्या मुलींनी सांगितलं.

फायनलनंतर ती बॅग घेऊन आली. आज तिला बेंगळुरूला निघायचं होतं, दोन रॅकेटांच्या तारा तुटल्या होत्या. सुबोधचं टेबल मोकळं होतं, माझंही. ती दोन्ही टेबलांपुढे जरा उभी राहिली आणि मग त्या दोन रॅकेट माझ्यापुढे ठेवल्या. चिठ्ठीवर लिहिलं, २४ किलो. किलोखाली दोन रेघा ओढल्या. मग खुर्ची ओढून समोर बसली. मी तार ओढायची, तिने मशीनवरचा आकडा बघायचा, मग मी बघायचा. तासभर असंच. आकड्यावरून तिने नजर हलवली नाही. दोन्ही झाल्यावर तिने त्या तळहातावर आपटून पाहिल्या आणि बॅगेत टाकल्या. मला वाटलं, झालं, निघाली. तर तिने उरलेल्या तीनही नव्याने गटिंग करायला बाहेर काढल्या, माझ्या टेबलावर ठेवल्या आणि जेवायला निघून गेली.

आईचा जय भीम. लोभ असू द्या, शिव्याही वेळेवर पाठवत जा.

तुमची,
सपना