चेहरा नको, आकडा हवा

३ मार्च, सकाळी ११, ऑफिस
आजपासून ठरलं. खेळाच्या पानावर बायकांच्या दिसण्याबद्दल एक शब्द जाऊ देणार नाही. शी! कालची मॅरेथॉनची बातमी. पहिलं वाक्य विजेतीच्या लिपस्टिकबद्दल, दुसरं नवऱ्याबद्दल. किती वेळात धावली, ते तळाला. बेचाळीस किलोमीटर पळाली ती बाई, लिपस्टिक दाखवायला नव्हती गेली!
स्क्रीनला चिठ्ठी चिकटवली: 'चेहरा नको, आकडा हवा'. फोटोग्राफर हसला. हसू दे. माझी सतरा वर्षांची लेक गोळाफेक करते. या विषयावर बोलायचा हक्क ऑफिसात आणखी कुणाला आहे?

४ मार्च
टेनिस फायनल. फोटोग्राफरचे बावीस फोटो, त्यातले एकोणीस मागून. किळस आली. झापला. म्हणे, लोक हेच बघतात. म्हटलं, लोकांच्या नावावर बिल फाडू नकोस. समोरून घेतलेला लावला.

दुपारी ४
संपादकांनी फोटो बदलायला लावला. मीही ठणकावलं, फोटो बदलतो, पण हेडिंगमधलं 'सौंदर्यवती' काढणार. ते म्हणाले, मग 'देखणी' करा. केलं. पाच अक्षरांवरून तीनवर आणलं. सुधारणा अशीच टप्प्याटप्प्यानं होते.

७ मार्च
वेबसाइटसाठी 'दहा देखण्या खेळाडू' ही फोटो गॅलरी. घाणेरडं काम. कोण करणार विचारल्यावर सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. मीच घेतलं. दुसऱ्या कुणी आणखी घाण केली असती. तत्त्व सोडलं नाही, प्रत्येक फोटोखाली आकडा टाकला. उंचीचा. वजनाचा टाकला नाही, तेवढी मर्यादा पाळली.

९ मार्च, घरी
लेक जेवताना सांगत होती, राज्य स्पर्धेत चौदा मीटर पार केले तर राष्ट्रीय शिबिरात घेतील. सध्या तेरा सत्तरवर आहे. बाही वर करून दंड दाखवला. तीन वर्षांची मेहनत. मी शाबासकी दिली आणि मावशीच्या लग्नात पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाल म्हटलं. हे बाप म्हणून, पत्रकार म्हणून नव्हे. ती ताटावरून उठली. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की मीठ मागायची हिंमत झाली नाही.

१२ मार्च, संध्याकाळ
शहर स्पर्धेत लेक पहिली! तेरा मीटर ब्याऐंशी! मुलींमध्ये नवा विक्रम! बातमी मीच करणार म्हटलं. पण फोटो! गोळा फेकतानाचे सगळे. गाल फुगलेले, डोळे बाहेर, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी. याखाली लोक काय काय लिहितील ते मला माहीत आहे, रोज मीच वाचतो ती गटारगंगा. बापाचं काळीज आहे शेवटी. फेकण्याआधीचा एक निवडला, गोळा मानेशी धरलेला. उजेड वाढवला. गाल किंचित आत घेतला. दंड किंचित बारीक केला. हा फेरफार नव्हे, काळजी आहे. फोटो मोठा केल्यामुळे बातमीला जागा उरली नाही, शेवटचं वाक्य उडवलं.

१३ मार्च, सकाळी ८
सत्यानाश. दंड बारीक करताना शेजारचा गोळाही चेपला. तसाच छापून आला. वेबसाइटवर दोनशे चाळीस कमेंट. अंडाफेक कधीपासून सुरू झाली, विचारतायत. नालायक लोक! विक्रमाबद्दल एक अक्षर नाही कुणाचं!
बातमी पुन्हा वाचली. विक्रम त्या उडवलेल्या वाक्यात होता.

सकाळी ९
लेक पेपर घेऊन आली. अंड्याबद्दल काहीच बोलली नाही. माझा दंड कुठे गेला, एवढंच विचारलं. मी समजावलं, अगं, किती छान दिसतेयस. ती म्हणाली, छान दिसायला मी गोळा फेकत नाही. पेपर तिथेच टाकून प्रॅक्टिसला गेली.

१५ मार्च
संपादक खूश. महिन्यातली सर्वात जास्त वाचली गेलेली बातमी! महिला खेळाडूंची नवी पुरवणी माझ्याकडे. आता आत राहून सगळं बदलतो. पहिली मुलाखत लेकीची. प्रश्न तिला मोबाइलवर पाठवले: आहार, त्वचेची निगा, मैदानाबाहेरची आवड. वाचल्याची खूण आली, उत्तर नाही. वयच तसलं.

२० मार्च, दुपार
राज्य स्पर्धा. गळ्यात प्रेस पास. गेटवर तिच्या कोच बाईंनी बाजूला घेतलं. लेकीनं सांगून ठेवलंय, बाबा दिसले तर मी उतरणार नाही. आई आत बसलीय म्हणाल्या. पास होता, जाऊ शकलो असतो. गेलो नाही. भिंतीबाहेर उन्हात उभा राहिलो. आत एकदा मोठा आरडाओरडा झाला. कुणासाठी, कळलं नाही.
घरी आल्यावर विचारलं. दोघींपैकी कुणीच सांगितलं नाही.

२१ मार्च, सकाळी ७
दुसऱ्या पेपरात चार ओळी. फोटो नाही. चौदा मीटर सहा सेंटिमीटर.
माझ्या मुलीनं गोळा किती लांब फेकला, ते मला असं कळलं.