तिसरी हाक

७ मे २००२

आधीच सांगते, लिहिण्यात चुका दिसल्या त माफ करा. मी आठवीत शाळा सोडली. अन् बोटं लय हळू चालतेत. एक अक्षर सापडते तवा दुसरं हरवते. घनश्यामभाऊनं सांगतलं का रोज काई तरी टाईप कर, मनात येईन ते, म्हणजे हात बसते. तर हे ते.

मी दिव्यानी. घरी मले बुटी म्हणतेत. काल भद्रावतीले आली. आत्याच्या घरी राह्यते, ताराबाईच्या. घनश्यामभाऊचं दुकान बसस्टँडच्या मागं हाय, तिथी कामाले लागली. भाऊ इथी अर्ज टाईप करून देते, झेरॉक्स काढते अन् पोट्ट्यांले तासावर इंटरनेट देते. दोन नवीन कम्प्युटर गिऱ्हाइकाचे. तिसरा जुना, पिवळा पडलेला, चालू केला का मळणीच्या मशीनसारखा घरघरते. तो माहा.

आधी तो निकेशभाऊचा होता. माहा मोठा भाऊ. इथीच कामाले होता. मागच्या पोळ्याले गावी आला अन् आमच्या तलावात बुडाला. त्याची जागा घनश्यामभाऊनं मले देल्ली. कीबोर्डवरचं एक बटन त्याच्या बोटानं घासून कोरं झालं हाय. मी त्याच्यावर बोट ठेवून पाह्यलं.

पंखा हाय. माठ हाय. आत्यानं डब्यात वांग्याची भाजी देल्ली. मले लय चांगलं वाटून राह्यलं.

९ मे

आज भाऊ चिडला. त्यानं हाक मारली, मी उठली नाई. दुसऱ्यांदा मारली, तरी नाई. देवरावभाऊ, समोरचा सायकलवाला, झेरॉक्सले आला होता. तो म्हणे, घनश्याम, पोट्टी बहिरी आणली काय बे, का सूट मिळाली? तिसऱ्या हाकेले मी ओ देल्ली. मंग मले सांगा लागलं. लय लाज वाटली.

आमच्या तलावावर असंच हाय. डोंगा, म्हणजे आमची लहान होडी, दूर असला का काठावरचा माणूस तीनदा हाक मारते, अन् डोंग्यातला तिसरीलेच ओ देते. काऊन का पाणी बी हाक मारते. नाव घेऊन, घरच्याच कोणाच्या आवाजात. पण दोनदाच. तिसरी माणसाची. दोन हाकेतच ओ देल्ली का माणूस पाण्याचा झाला. माय घरात बी मले तीनदाच हाक मारते. सवय.

देवरावभाऊ पोट धरून हासला. घनश्यामभाऊ नाई हासला. म्हणे, निकेशले बी हेच होतं. मीच सोडवलं. दुकानात एका हाकेत उठा लागते, गिऱ्हाईक का थांबते? तुले बी सोडा लागन.

मी मान हालवली. पोळ्याच्या दिवशी बाबा जाळं ओढून राह्यले होते. पाण्याकडून मायची हाक आली, निकेश म्हणून. माय तवा घरी पुरणपोळ्या करून राह्यली होती. निकेशभाऊनं पहिल्याच हाकेले ओ देल्ली. हे मी घनश्यामभाऊले नाई सांगतलं.

१४ मे

आज चॅट शिकली! काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, सगळी इंग्रजी, पण सोपी. आधी तिरपी रेघ माराची, मंग हुकूम. रेघ मारून जॉईन लिहिलं का खोलीत शिरता येते. हू लिहिलं का खोलीत कोण कोण हाय त्याची नावं येतेत. इग्नोर लिहिलं का नको असलेल्याचं बोलणं दिसत नाई. क्विट म्हणजे चालले मी.

मले लय आवडलं. तोंड उघडा लागत नाई. कोणी माह्याकडे पाह्यत नाई. नागपूरच्या एका पोरीसंग मी चक्क बोलली, काय जेवली ते सांगतलं.

हा कम्प्युटर चालू झाला का आपोआपच एका खोलीत शिरते. खोलीचं नाव तलाव. भाऊ म्हणे, निकेशनं बनवली होती, त्याच्या दोस्तांसाठी. आता कोणी येत नाई. मी हू लिहिलं. एकच नाव, माहं.

मी ती खोली बंद नाई केली. राहू दे.

२२ मे

दुपारी ऊन असं का रस्त्यावर कुत्रं नाई. भाऊ जेवाले गेला. मी एका आजोबाचा अर्ज टाईप करून राह्यली होती. तलाव खोलीत एक ओळ आली.

बुटे.

एवढंच. पुढं नाव असते ना, कोण बोलते त्याचं, ती जागा कोरी होती. मी हू लिहिलं. दोन नावं. एक माहं, एक नुसती कोरी जागा, पण खाली मोजून दोन दाखवलं.

इथी माहं बुटी नाव कोणालेच मालूम नाई. आत्या बी दिव्यानीच म्हणते.

मी ओ नाई देल्ली. हात मांडीखाली घालून बसली. दुसरी ओळ नाई आली.

भाऊले सांगतलं त म्हणे निकेशचा कोणी दोस्त असन, त्यानं सांगतलं असन घरचं नाव. असंच असन. निकेशभाऊ माह्याबद्दल लोकांले सांगे, हे ऐकून डोळ्यात पाणी आलं.

२८ मे

आज एसटीडीवरून गावी फोन लावला. सरपंचाच्या घरी माय आली. आचलचं विचारलं. आचल माह्या बाकावर बसे. तिनं दहावीची परीक्षा देल्ली. माय म्हणे निकाल पुढच्या महिन्यात, पोट्टीचा जीव खालीवर होऊन राह्यला. मी असती त मी बी देल्ली असती.

मायले चॅटचं नाई सांगतलं. पण फोन ठेवताना ती म्हणे, बुटे, तिथी बी तिसऱ्याच हाकेले उठतं ना व? मी व्हय म्हटलं. खोटं. आता मी दुसरीले उठते. भाऊनं पगारातून कापीन म्हटलं.

३ जून

पुन्हा आलं.

बुटे.

ही दुसरी.

मी कीबोर्डवरून हात उचलले. पंख्याखाली बसून पाह्यत राह्यली. मनात म्हटलं, तिसरी मार. माणूस असशीन त तिसरी मार. गिऱ्हाईक आलं, झेरॉक्स घेऊन गेलं. घनश्यामभाऊ चहा पिऊन आला.

तिसरी नाई आली.

५ जून

आज बोललं नाई. वेगळंच झालं. खोलीत एक ओळ उमटली, पिंग आला म्हणून. त्याच्या खालीच दुसरी, उत्तर पाठवलं म्हणून.

मी काई पाठवलं नाई. माहे हात डब्यात होते. पोळी खाऊन राह्यली होती.

भाऊले विचारलं. तो हासला. म्हणे पिंग म्हणजे समोरच्या मशीनले हाक माराची, हायस का म्हणून. मशीन आपोआपच ओ देते. माणूस असो का नसो. माणसाले विचारत बी नाई. तेवढं काय घाबरतं?

मी विचारलं, कोणाच्या नावानं देते?

म्हणे, बसला असन त्याच्याच. तुह्या.

६ जून

इग्नोर लिहिलं. ओळी दिसणं बंद झालं. पण कोपऱ्यात किती उत्तरं गेली त्याचा आकडा असते, तो वाढते. उत्तर पाठवलं, उत्तर पाठवलं. दिसत नाई म्हणून देणं थांबलं असं नाई.

क्विट लिहिलं. खोलीतून बाहेर आली. एवढ्यात पुन्हा आतच, अन् ओळी बी पुन्हा दिसाले लागल्या. हा आपोआप शिरते ना. ते बंद करणं निकेशभाऊलेच मालूम होतं.

पिंगच्या पुढं किती सेकंदात उत्तर पोचलं ते येते. पहिल्या दिवशी नऊ होते. आज चार. भाऊ म्हणे जवळ असन त लवकर पोचते.

११ जून

दोन.

आत्याले सांगतलं. ती म्हणे लिंबू ठेव. ठेवलं कम्प्युटरवर. देवरावभाऊ म्हणे, घनश्याम, आता मशीनचं लग्न लावतं का बे. सगळे हासले. मी बी हासली. लिंबू दुपारपर्यंत फुगून मऊ झालं, पाण्यात पडल्यासारखं.

१३ जून

कीबोर्ड ओला. भाऊ मलेच बोलला, माठाचं पाणी सांडवलं म्हणून. माठाचं नाई. शेवाळाचा वास हाय. मले का वास समजत नाई? मी त्याच्यातच—

एक.

१७ जून

भाऊले हात जोडले. फोनची वायर काढ म्हटलं. त्यानं काढून दाखवली. पाह्य, म्हणे, आता त्याचा बाप बी येत नाई.

त्याचं तोंड भिंतीकडे होतं. पडद्यावर आलं—

उत्तर पाठवलं. शून्य.

मी मशीनचं बटन दाबून बंद केलं. उद्या गावी जाते म्हटलं. भाऊ म्हणे दोन दिवस थांब, मी चंद्रपूरवरून आलो का जा. दुकान कोण पाह्यन?

मी ओ म्हटलं. एका हाकेत.

२० जून

भाऊ अजून चंद्रपूरलेच. जुना कम्प्युटर मी चालू नाई केला. सकाळी आली त चालूच—

हे त्याच्यावरच लिहून राह्यली. बाकीचे दोन चालूच होत नाईत. लिहिलं का धीर येते—

हू लिहिलं. दोन नावं. कोरी जागा आता कोरी नाई. पण आपल्या अक्षरात हाय. इंग्रजी नाई. निके—

दार मी आतून लावलं. भर दुपार हाय. देवरावभाऊचा हातोडा ऐकू येते. एवढं जवळ माणूस—

हाक आली. पडद्यावर नाई. तोंडानं. दारातून.

ही तिसरी.

तिसरी माणसाची. माय सांगते, बाबा सांगते. तिसरी पाण्याले मारताच येत नाई. मी उठली. मी ओ देल्ली, मोठ्यानं, किती दिवसानं मोठ्यानं—

आवाज निकेशभाऊचा. तो बी माणूसच होता ना—

दाराखालून पाणी येऊन राह्यलं. थंड नाई. उन्हाळ्यात तलाव असते तसं कोमट. घोट्यापर्यंत—

तो हासून राह्यला. म्हणे, बुटे, आज दहावीचा निकाल लागला. आचल पास झाली. फर्स्ट क्लासात. तिचा बाप गावात पेढे वाटून—