घट्टा की चट्टा

५ फेब्रुवारी १९८६
आज पार्लरमध्ये जाऊन पाय करून घेतले. मी! मृणालिनीने ओढून नेलं. माझी नणंद. एप्रिलमध्ये तिचं लग्न आणि चिंता माझ्या टाचांची. हे म्हणाले, "लग्न तिचं की तुझं?"

अर्ध्या मुलुंडचे ब्लाउज मी शिवते, पण माझा उजवा तळवा कुणी पाहिला नव्हता. मशीन म्हणजे लक्ष्मी, चप्पल घालून पायडल मारायचं नाही, ही आईची शिकवण. इतक्या वर्षांत अंगठ्याखाली रुपयाएवढा घट्टा झालाय. पार्लरवाल्या कमलने आधी मृणालिनीचे पाय केले, मग तेच ब्लेड फडक्याला पुसून माझा घट्टा तासायला घेतला. थोड्या वेळाने बघते तर टबातलं पाणी लाल. "दुखलं नाही तुम्हाला?" नाही दुखलं. म्हटलं, कोकणातला पाय आहे. तिघी हसलो.

६ फेब्रुवारी
भाजी आणताना दवाखान्याची भिंत वाचली. रोज तिथूनच जाते, वाचली आज. 'अंगावर बधिर चट्टा असल्यास महारोगाची तपासणी करून घ्या.'

बधिर. मला ब्लेड कळलं नव्हतं.

७ फेब्रुवारी
कणीक मळली नाही. बोट कापलंय सांगून पाव मागवले. माझा टॉवेल वेगळा ठेवला. माझ्यानंतर एक गुजराती बाई बसली होती – तिलाही तेच ब्लेड लागलं असेल. कुणाला सांगू? घरात महारोग म्हटल्यावर मृणालिनीला कोण करून घेणार? लग्न मोडेल पोरीचं.

९ फेब्रुवारी
काप ठणकायला लागला. दुखतंय म्हणून बरं वाटावं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. त्याच धीरावर शिवदास डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, चट्टा आहे. "दाखवा." मी तळवा दाखवला. त्यांनी चष्मा पुसून परत पाहिलं.

"जानकीबाई, चट्टा कुठाय? हा घट्टा. मेलेली कातडी, तिला काय दुखणार? खाली जिवंत कातडीला लागलं, ते आता ठणकतंयच ना? नखं कापताना ओरडता का?"

तरी डोळे मिटायला लावून पायभर कापूस फिरवला, टाचणी टोचली. घट्टा सोडून सगळीकडे कळलं. लघवीत साखरही नाही. मग मात्र चिडले. "ब्लेड नवं होतं?" पुसलं होतं, म्हटलं. "पुसलं? ताट आहे का ते?" धनुर्वाताचं इंजेक्शन ठोकलं. घट्टा कापायचा नाही. कोमट पाण्यात पाय भिजवून वजरीने हलकं घासायचं, आणि वजरीसुद्धा ज्याची त्याची. मी निघाले तर म्हणाले, "आणि महारोग असता तरी एवढं काय? आता गोळ्या आहेत. बरा होतो. लपवला तर मात्र पाय जातो."

रस्त्यात रडू आलं. मग जिलबी घेतली आणि चक्क रिक्षाने घरी आले.

१० फेब्रुवारी
पुरणपोळ्या केल्या. कणीक मीच मळली, दाबून दाबून. "आज कसला सण?" हे विचारतात. काही नाही हो, खा.

दुपारी कमलला सांगून आले – दर बाईला नवं ब्लेड, बाकीची हत्यारं उकळून. तोंड वाकडं केलं तिने, पण माझ्यासमोर नवं पाकीट फोडलं. जीव हलका झाला.

१२ फेब्रुवारी
मृणालिनीला सगळं सांगितलं. वाटलं, पोट धरून हसेल. ती हसली नाही. मॅक्सी जरा वर करून घोट्यावरचा एक फिकट डाग दाखवला. मी टाचणी घेतली. ती डोळे मिटून बसली. माझं टोचून झालं तरी तशीच.

"वहिनी, टोचतेयस कधी?"

टाचणी खाली ठेवली. म्हटलं, गोळ्या आहेत गं. उद्या सकाळी दोघी जातोय.