तळमजल्यावरची खोली, कुशीनगर

९ जाने.
वाराणसीचं "लिफ्ट आहे" वालं हॉटेल बाद. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की लिफ्ट पहिल्या मजल्यापासून सुरू होते. आणि पहिल्या मजल्यापर्यंत? "वहाँ तक तो सीढ़ी है मैडम, थोड़ी सी." यांना सांगितलं तर खूप हसले. म्हणाले, "सिन्नरला कंपनीत आम्ही अशी लिफ्ट बसवली असती ना, तर साहेबानं आम्हालाच तिच्यात कोंडलं असतं."
हसले, बरं वाटलं.

१० जाने.
गंगापूर रोडच्या सेंटरला यांचं डायलिसिस. हा शब्द लिहायचा कंटाळा आलाय, यापुढे नुसतं डा. एक दिवसाआड डा. हे आत मशीनला, मी बाहेर खुर्चीत मोबाइल घेऊन. पूर्वी इथे मासिकं वाचायचे, आता हॉटेलं वाचते.
बाहेर आले की यांचा पहिला प्रश्न, "कुठवर आलो आपण?" आज म्हटलं, सारनाथ. "झोपायची सोय?" बघतेय म्हटलं.
गया, राजगीर, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती. निवृत्त झाल्यावर दोघांनी जायचं ठरलं होतं. हे निवृत्त झाले, मागोमाग किडन्याही झाल्या. विनोद त्यांचा, माझा नाही.

१४ जाने.
समोरच्या सुमनताई गेल्या वर्षी टूरबरोबर सगळं फिरून आल्या. मुद्दाम चहाला बोलावलं.
"हॉटेल कसं होतं?"
"छान होतं मॅडम. गरम पाणी होतं."
"लिफ्ट?"
"असेल की."
"कमोड होता का?"
"अहो, आपण तिथं वंदनेला जातो का संडासला?"
बरोबर आहे. त्यांचे गुडघे शाबूत आहेत. जाताना म्हणाल्या, पुढच्या टूरला या ना दोघं. मग आमच्या यांच्याकडे बघितलं आणि विषय बदलला.

१९ जाने.
इतके दिवस बघून एवढं कळलं. विहारांच्या धर्मशाळा स्वस्त, सगळं तळमजल्यावर, पण संडास अंगणापलीकडे आणि तो बसायचा. महागात लिफ्ट, रॅम्प, सगळं, पण ते आपलं नाही. आपण मधले. मधल्या हॉटेलांना दारात तीन पायऱ्या असतातच, का ते देव जाणे (आपल्यात देव नाही, मग आर्किटेक्ट जाणे). हे म्हणाले, "मध्यम मार्ग म्हणत्यात याला. चढावा लागतो."
लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचून वाचून डोकं उठलं. "खूप छान मुक्काम." "स्टाफ नम्र." "पनीर उत्तम." निफाडच्या शाळेत पोरांनी सहलीचे निबंध असे लिहिले असते तर वह्या परत केल्या असत्या. एकानेही लिहिलेलं नाही की पलंग किती उंच आहे.

२३ जाने.
कुशीनगरला एक सापडलं. रिसेप्शनवर किरण नावाची मुलगी. आतापर्यंत फोनवर भेटलेल्यांत पहिली, जी "हाँ हाँ सब है" म्हणाली नाही. "रुकिए आंटीजी, देखकर बताती हूँ" म्हणाली आणि खरंच उठून गेली. खोली तळमजल्यावर. कमोड आहे, शेजारी धरायला दांडी नाही. दारात पायऱ्या आहेत का, ते विचारायचंच राहिलं. इतका आनंद झाला की मुख्य प्रश्न विसरले. मास्तरीण असून.
आल्या-आल्या पाहुण्यांना नारळपाणी देतात म्हणे. किडनीवाल्याला नारळपाणी म्हणजे विषच. यांना सांगितलं. म्हणाले, "मग तर झाक हाय. आल्या-आल्याच काम उरकंल." त्यांना दटावलं.
वहीत नाव लिहिलं: नारळपाणीवालं.

२८ जाने.
लुंबिनी बाद. सीमा ओलांडून कोण डा. शोधणार. श्रावस्ती बाद. राजगीरला चांगली तीन हॉटेलं, डा. कुठे ते कुणी धड सांगत नाही. गयेला, सारनाथला डा. मिळेल, पण त्याच्या आसपास तळमजल्यावर खोली नाही. जिथे पलंग आहे तिथे मशीन नाही, जिथे मशीन आहे तिथे जिना.
संध्याकाळी यांना नकाशा दाखवला. बोटाने एकेक झाकत गेले. शेवटी बोट कुशीनगरवर. "हे ऱ्हाऊ दे," म्हणाले.
तिथून डा.ला गोरखपूरला जावं लागेल. तिथल्या सेंटरला फोन केला. घेऊ म्हणाले, इथल्या डॉक्टरांचं पत्र आणि ताजे रिपोर्ट आणा.

४ फेब्रु.
मशीनवर असताना यांचं बी.पी. एकदम खाली गेलं. सिस्टर धावल्या, पाय वर केले, मला आत घेतलं. तोंड कागदासारखं. शुद्धीवर आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "कुठवर आलो?"


६ फेब्रु.
पुण्याहून अमोलचा फोन. "आई, बाबांना खोटी आशा का लावतेस?"
पोटचा मुलगा आहे, पण आशा कुणाला लागलीय ते त्याला कळलं नाही. हॉटेल बघायचं बंद केलं तर त्या खुर्चीत बसून मी काय बघू, भिंत?

११ फेब्रु.
परवाही बी.पी. पडलं. आज डॉक्टरांनी पत्र दिलं नाही. नीट समजावून सांगितलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. इतका लांबचा प्रवास, मधे काही झालं तर, आणि हृदयही आता. "पुढच्या हिवाळ्यात बघू, मॅडम," म्हणाले. पुढचा हिवाळा म्हणताना त्यांनी टेबलावरचा पेन उचलून दुसरीकडे ठेवला.
संपलं. गोरखपूरला फोन करून नको म्हणून सांगितलं. ते म्हणाले ओके.

१५ फेब्रु.
"कुठवर आलो?"
"चाललंय." खोटं बोलले. चार दिवसांत एकही हॉटेल बघितलेलं नाही.

२० फेब्रु.
लिहू की नको. लिहिते.
दुपारी जेवण झाल्यावर म्हणाले, "ते नारळपाणीवालं हाय का अजून?"
म्हटलं, आहे, पण डा.चं काय? गोरखपूरचं रद्द केलंय मी. सांगून टाकलं एकदाचं.
"मला ठाव हाय. तू इतके दिस फोन घेऊन बसली नाय तवाच कळलं." मग म्हणाले, "आता डायलिसिसचं बघू नको. नुसतं हॉटेल बघ."
मला वाटलं, यांच्या लक्षात येत नाहीये. म्हटलं, अहो, त्याच्याशिवाय तिथे राहणार कसं?
"तेच म्हणतोय मी. तिथं गेल्यावर ते करायचंच नाय मला. लय झालं. भगवंत शेवटचे जिथं पहुडले तिथंच. तू उशाशी बस."
मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावला. जेवण झालेलं होतं.

२१ फेब्रु.
आज डा.ला गेले मुकाट्याने. मी बाहेर खुर्चीत.
परत आल्यावर मी फार बोलले त्यांना. भगवंतांना सांभाळायला भिक्खू होते, मला तिथे कोण आहे? रिसेप्शनवरची किरण? परक्या गावात, हॉटेलच्या खोलीत? मला विचारलं का तुम्ही?
"इचारतोय की," म्हणाले.
हे भांडले असते तर मलाही भांडता आलं असतं. भांडलेच नाहीत. पायांवरची सूज चोळत बसले.

२४ फेब्रु.
डॉक्टरांना एकटीच भेटले. म्हणाले, "थकल्यावर पेशंट असं बोलतात." मग म्हणाले, "कधी कधी थकून नाही, विचार करून बोलतात. त्यांना माझ्याकडे घेऊन या. आपण तिघं बसू." मी विचारलं, डा. थांबवलं तर किती दिवस? त्यांनी सांगितलं. त्रास कमी करायची औषधं असतात, तेही सांगितलं. घरी ठेवा, मॅडम, माणसांत ठेवा, म्हणाले.
अमोलला काय सांगू? सांगितलं नाही.
सुमनताई दारात भेटल्या, "जयभीम मॅडम, ठरलं का जायचं?" मी हो म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक.

२८ फेब्रु.
निफाडच्या जुन्या विद्यार्थ्याने द्राक्षांची पेटी पाठवली, दरवर्षीसारखी. दरवर्षीसारखी ती मी शेजारी वाटायला घेतली. यांना द्राक्षं चालत नाहीत.
हे म्हणाले, "एक ऱ्हाऊ दे." एक घड ठेवला. एकेक मणी तोडून, बराच वेळ तोंडात ठेवून खाल्ला. मी बघत बसले. थांबवलं नाही. मनातून इतकं वाईट वाटलं आणि तरी थांबवलं नाही. म्हणजे माझं ठरलं का? मला माहीत नाही.

३ मार्च
तिघं बसलो डॉक्टरांकडे. यांनी सगळं नीट सांगितलं, मशीनचा भाग समजावून सांगावा तसं. डॉक्टरांनी घाई करू नका म्हणून सांगितलं, आणि घरीही सगळी व्यवस्था होईल म्हणाले. हे म्हणाले, घर झालं बघून.
मला हा माणूस हवाय. एक दिवसाआड का होईना, हवाय.

६ मार्च
वही काढली. लुंबिनी, श्रावस्ती, राजगीर. डा. नाही म्हणून ज्यांच्यावर काट मारली होती ती सगळी हॉटेलं आता चालण्यासारखी आहेत. किती चांगली आहेत त्यात. वही मिटून ठेवली.

९ मार्च
कुशीनगरला फोन लावला. किरणच होती. "आंटीजी! बहुत दिन बाद." खोली आहे म्हणाली, तीच, तळमजल्यावरची. शिवाय कमोडजवळ दांडी बसवून घेतली आहे म्हणे, मी विचारलं होतं म्हणून.
तिने तारीख विचारली. अंदाजाने एक सांगितली, गाडी मिळेल तशी. "और चेक-आउट?"
आतल्या खोलीतून हे, "दाराला पायऱ्या हायत का, ते इचारलं का?"
विचारलं. दारात पायरी एकही नाही.
"नाहीत," मी आत ओरडून सांगितलं.
"मग घे."
किरण थांबली होती. "आंटीजी, चेक-आउट क्या लिखूँ?"
म्हटलं, विचारून कळवते. "कोई बात नहीं, अभी पेन्सिल से लिख लेती हूँ," म्हणाली.
उद्या डा. आहे. रिक्षावाल्याला सकाळी यायला सांगितलंय.