हागारेच्या वाटेवरचं घर

मी सुकदेव वना सोनवणे, वय एकोणऐंशी, राहणार शिरपूर, विहिरी बांधणारा गवंडी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाचं दडपण नाही. मनावर आहे, पण त्याला कायद्यात कलम नाही.

१. माझं स्वकष्टाचं दोन खोल्यांचं घर, परसातल्या विहिरीसह, प्रभूत निजलेला माझा थोरला मुलगा राजदीप याची बायको दीपमाला हिला द्यावं.

कारण लिहिणं भाग आहे. राजदीप गेला त्या वर्षी श्रावणात दीपमाला माहेरी पहूरला गेली आणि कानबाई देवीच्या नैवेद्याचा रोट खाऊन आली. मी इथल्या ख्रिस्ती मंडळीचा वडील. रविवारी सगळ्यांसमोर उपदेश केला, की बंडखोरांना देव अरण्यात फिरवतो. मंडळीच्या वहीतून तिचं नाव खोडायला लावलं आणि घरातून जायला सांगितलं. कडेवर दोन वर्षांची मयुरी होती.

दीपमाला एवढंच म्हणाली, "नाना, आईनं वाढलं, मी खाल्लं. हे गेल्यापासून मला 'जेव' म्हणणारी तीच पहिली."

माझ्या बायकोने, लताबाईने, तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि मला म्हणाली, "बठ्ठं शास्तर तुम्हले पाठ शे. आते हागारनी गोष्ट वाचा."

आठ वर्षं वाचली नाही. गेल्या साली लताबाईला माती दिली, मग वाचली. अब्राहामाने हागार या दासीला लेकरासकट रानात काढलं, पाणी संपलं, आणि देवाने तिला तिथेच विहीर दाखवली. एलीया संदेष्ट्याला भाकर रानातच मिळाली, इस्राएलाला आकाशातून पडलेला मान्नाही. मी आयुष्यभर रानाला शिक्षा म्हणत आलो. देव तर तिथेच राहत होता. आणि अब्राहामाला निदान देवाने सांगितलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता रान माझ्या घरात आहे. रोज प्रार्थना करतो, पलीकडून काही येत नाही.

२. थापी, ओळंबा आणि पोस्टातली ठेव धाकट्या योगराजला. तो म्हणाला, "घर वहिनीला, मग मी काय रानात जाऊ?" बाबा रे, धुळ्यात तुझं दुमजली घर आहे. रानात देव बोलावतो. मी एकदा पाठवून पाहिलं आहे.

३. शेजारच्या लीलाधरने नेलेली शिडी त्यालाच राहू द्यावी. मागून मागून मी थकलो.

४. माझं बायबल मंडळीला. हागारेच्या अध्यायाशेजारी पूर्वी मीच पेन्सिलीने 'अवज्ञेचं फळ' असं लिहिलं आहे. ते खोडू नये. पुढच्या उपदेशकाला दिसू दे.

५. गेल्या महिन्यात जळगावला गेलो. दीपमाला डाळमिलमध्ये कामाला आहे. मयुरीने दार उघडलं. विचारलं, "कोण पाहिजे?" मी नाव सांगितलं. आत जाऊन आली, तांब्या पुढे केला. "आई म्हणते, पाणी प्या आणि जा."

प्यालो आणि आलो.

म्हणून ती घर घेईल की नाही, मला ठाऊक नाही. नाकारलं तर ते योगराजचं. पण नकार तिच्याच तोंडून ऐकावा. तिच्या वतीने कोणी ठरवू नये, आणि तिला समजवायला शास्त्र घेऊन कोणी तिच्या दारात उभं राहू नये.

ठिकाण: शिरपूर
तारीख: २० मार्च २०२५

सही: सुकदेव वना सोनवणे

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. जीवराम पवार, मंडळीचे चिटणीस (वहीतलं नाव यांनी खोडलं, माझ्या सांगण्यावरून)
२. भाविका पाटील, शिक्षिका, शेजारी